दादाच्या डोक्यातली गाठ आणि होळीचा बुंधा

मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला धीर द्यायला म्हणून एक गोष्ट सांगितली होती. "बाई, अशा गाठी दुर्मिळ असतात असं समजू नका. दुसऱ्याच कशानं तरी मेलेल्या माणसांची डोकी आम्ही तपासायला उघडतो, तेव्हा कितीतरी जणांच्या मेंदूखाली अशी बारीक गाठ सापडते. पुरते म्हातारे होऊन मेलेले असतात ते. जन्मभर त्यांना पत्ता नसतो."

मला धीर आला नाही, रागच आला. इतक्या जणांच्या डोक्यात मुकाट पडून राहणारी वस्तू माझ्याच भावाच्या डोक्यात का जागी झाली, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आमची आगबोट सुटायची वेळ होत आली होती.

आमचं गाव खाडीच्या मुखाशी, आगरदांड्याच्या बंदरातून चालत जाण्याजोगं. वस्ती सगळी कोळ्यांची. बाप लहानपणीच गेला. होडी काकाची, म्हणजे बापाच्या धाकट्या भावाची, आणि तिच्यावर तांडेल आमचा दादा. सुकाणू त्याच्या हातात, हुकूम काकाचा. मी मराठी सातवीची फायनल पास झालेली, नवरा लवकर वारला म्हणून माहेरी परतलेली, आणि गावच्या शाळेत मास्तरीण. घरात आई, दादा, वहिनी आणि मी.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली दादाचं लग्न झालं. सासऱ्यानं चांदीची अंगठी घातली होती. दोन-तीन वर्षांत ती बोटात रुतली, आणि साबण लावला, तेल लावलं तरी निघेना. शेवटी सोनारानं कापून काढली. वहिनी पाटी डोक्यावर घेऊन मासे विकणारी, तोंडाची तिखट. ती बाजारात सांगत सुटली, "माजा नवरा अजून वाढतोय. सासूनं अर्धाच करून दिला होता."

सगळे हसले. मीही हसले. वाढणं ही हसण्यासारखीच गोष्ट होती. पंचविशी उलटलेल्या माणसाची लाल टोपी दर वर्षी घट्ट होत गेली आणि वहिनी तिला मागून पट्टी जोडत राहिली. हाताचे पंजे वल्ह्यासारखे झाले. पाय रुंद झाले. वाळूत उमटलेलं पाऊल पाहून कोण गेलं ते गाव ओळखायचं. भुवयांचं हाड पुढं आलं, हनुवटी लांबली, दातांत फटी पडल्या, आवाज मडक्यातून यावा तसा घोगरा झाला. आई मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायची. तिला वाटायचं, गावाची नजर लागेल. माणसाचं रूप असं बदलत असताना ते खरंच बळ आहे का, हे कुणीही तपासून पाहिलं नाही. कोळ्याच्या घरात मोठा हात म्हणजे मोठं जाळं, एवढाच हिशेब.

त्या बळापायीच त्याच्याकडे होळीचा बुंधा आला.

आमच्याकडे होळीसाठी डोंगराच्या अंगचं एक उंच झाड तोडतात आणि गावातले बाप्ये ते खांद्यावरून किनाऱ्यावर आणतात. शेंड्याकडे, मधे माणसं जोडीजोडीनं लागतात. बुंध्याला मात्र एकच माणूस. सगळ्यात जड तोंड त्याच्या एकट्याच्या खांद्यावर, आणि तोच पुढं. होळी रोवायच्या खड्ड्यापाशी पोचेपर्यंत झाड जमिनीला टेकता कामा नये. ज्याचा बुंधा, त्याच्या हातचा पहिला नारळ. हा मान सोडायचीही एक रीत होती. घरी बसून, निरोप पाठवून बुंधा सोडता येत नसे. तसा सोडला तर देव त्या घरावर रुसतो, असं मानत. बुंधा सोडायचा तर भर वाटेत, ओझं खांद्यावर असताना, थांबून विचारायचं: बुंधा कोण घेतो? ज्याला घ्यायचा त्यानं पुढं यावं, आपला खांदा त्याच्या खांद्याला भिडवावा आणि खालून ओझं उचलून घ्यावं. दादानं तो असाच आपल्या आधीच्या माणसाकडून घेतला होता आणि नंतर काही वर्षं हसत वाहिला होता.

त्याचं बळ ओसरतंय हे पहिल्यांदा वहिनीच्या ध्यानात आलं. एका सकाळी ती मला म्हणाली, "वन्सं, ह्यांचा हात निस्ता दिसायला हाय. काल पाटी उचलायला मला हाक मारली." मला खरं वाटेना. मग मी पाहत गेले. काही न करता त्याला घाम फुटायचा. भुवयांच्या मधे डोकं इतकं ठणकायचं की तो फडका करकचून बांधून बसायचा. चालताना बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांना त्याचा दंड लागायचा, कधी उजवा, कधी डावा. समोरचं सगळं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. मग एकदा खाडीच्या तोंडाशी आडव्या आलेल्या होडीवर त्यानं आपली होडी घातली. कुणी बुडलं नाही, पण शिव्या खूप झाल्या. काका म्हणाला, रात्रीची उतरली नसेल. दादा दारू पीत नव्हता.

गावच्या दवाखान्यातून पुड्या आणून झाल्या होत्या. मी शाळेतून रजा घेतली आणि त्याला आगबोटीनं मुंबईला नेलं.

इस्पितळात डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. लग्नाआधीचा एखादा फोटो आहे का, विचारलं. आमच्याकडे फोटो कुठला. मग मी त्यांना अंगठीची आणि टोपीच्या पट्ट्यांची हकीकत सांगितली. ते मन लावून ऐकत होते. त्यांनी दादाला समोर बसवलं, आपलं बोट बाजूनं हळूहळू पुढं आणत, दिसलं की सांग, म्हणाले. बोट जवळजवळ नाकासमोर आल्यावर दादा म्हणाला, "आता दिसला." डोक्याचा फोटो काढला. त्यात त्यांनी मला दाखवलं: मेंदूच्या तळाशी हाडात एक खोबण असते, तिच्यात वाटाण्याएवढी ग्रंथी बसलेली असते. दादाची खोबण आतून दाबून रुंद झाली होती.

गाठी पुष्कळांना असतात, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी विचारलं, "मग ह्याला काय धोका?"

"बहुतेक गाठी नुसत्या पडून असतात. ह्याची गाठ अंग वाढवणारा रस रक्तात सोडते आहे, आणि मोठी होऊन डोळ्यांच्या शिरा दाबते आहे. हातपाय वाढले तसं हृदयही वाढलंय. वाढलेलं हृदय म्हणजे दणकट हृदय नव्हे, बाई. उलट आहे."

"जगेल ना?"

"तशीच सोडली तर अशी माणसं सहसा म्हातारी होत नाहीत. डोक्याला किरणांचा शेक द्यायचा, आणि ह्यानं जड ओझं उचलायचं नाही. वेळेवर आलात तर पुष्कळ वर्षं काढील."

खाट लगेच रिकामी नव्हती. होळी झाल्यावर लागलीच या, असं त्यांनी सांगितलं. आगबोटीवर दादा कठड्याला टेकून उभा होता. म्हणाला, "म्हंजे बाय, ही ताकद नव्हतीच."

मी म्हटलं, "पहिली काही वर्षं असेल."

"आये दृष्ट काढायची ती गाठीचीच, नाय का." आणि हसला. त्या प्रवासात तो तेवढाच हसला.

घरी आल्यावर मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. काका ओटीवर विडी ओढत होता. "डोक्यान गाठ हाय ना? मग खांद्याला काय झालाय?"

"काका, हृदय वाढलंय त्याचं. ओझं घ्यायचं नाही, असं सांगितलंय."

"वाढलाय तर बरा हाय. आमचा बारका हाय तरी आमी दर्यावर जातो."

आतून वहिनी म्हणाली, "मामंजी, मग ह्या होळीला तुमीच घ्या बुंधा. बारक्या काळजाचा."

"बायांनी होळीच्या कामात तोंड घालू नये," आई म्हणाली.

"बायांनी मागाहून कपाळ पुसायचा निस्ता. तेवढाच आमचा काम."

काकानं विडी विझवली आणि दादाकडे पाहून म्हणाला, "गावानं तुला मान दिलाय. घरान बसून सोडलास तर माज्या होडीवर खलाशी चढनार न्हाय. मंग मुंबईला जा, न्हायतर लंडनला जा."

खलाशांचं खरं होतं, आणि दादाला ते माहीत होतं. तो म्हणाला, "मी खांदा देतो. केवड्याच्या बनापाशी थांबून कुनाला तरी देतो. रीत पन ऱ्हाईल नि मी बी सुटंन."

वाईट तोडगा नव्हता. उगाच नाकारण्यासारखं मला काही दिसेना. तेवढ्या वाटेपुरतं ओझं, मग दुसरा माणूस, आणि दोन दिवसांनी आगबोट. वहिनीनं बोचकंही बांधून ठेवलं.

होळीच्या दिवशी दुपार उतरताना आम्ही बाया केवड्याच्या बनाशी उभ्या होतो. तिथून पुढं सगळी वाळू, पाय रुतणारी. ढोल आधी ऐकू आला, मग झाड दिसलं आणि त्याच्या तोंडाशी दादा. टोपी कपाळावर सरकलेली, चेहरा काळानिळा. बनाशी येऊन तो थांबला. मागची सगळी रांग थांबली.

"बुंधा कोन घेतो?"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून एकजण ओरडला, "हत्ती दमला रे." दुसरा म्हणाला, "हत्तीला ऊस द्या." हशा झाला. हत्तीनं ओझं खाली ठेवायचं म्हटलं तर माणसं हसणारच.

दादानं पुन्हा विचारलं. या खेपेला आवाज बारीक होता. हसणं थांबलं, पण पुढं कुणी आलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चांगले धडधाकट बाप्ये, दर्यात जाळं ओढणारे. त्यांच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं: ह्याला जे जड झालं ते आपल्याला कसं पेलणार? ज्या अंगानं तो भीम ठरला होता त्याच अंगानं आता त्याची वाट अडवली. काकाचा थोरला मुलगा जरासा हलला होता. काका त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मस्करी करतोय तो. चला, दिस कलतोय."

मी ओरडले, "मस्करी नाही, घ्या कोणीतरी." ढोलवाल्यांनी ढोल वाजवायला घेतला होता. बाईनं त्या झाडाला हात लावायचा नसतो. वहिनी पुढं निघाली तर दोघींनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

त्या वेळी मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. समोर लाल टोप्यांची रांग होती. मनात आलं, ह्यांतल्या किती डोक्यांत ती गाठ निजलेली असेल? ह्या ढोलवाल्याच्या? काकाच्या? सगळे म्हातारे होतील, नातवंडं खेळवतील, आणि आपल्या डोक्यात काय होतं हे न कळताच सरणावर जातील. त्यांच्या आणि दादाच्या डोक्यात फरक असलाच तर वाटाण्याएवढा.

दादानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. पाय वाळूतून उचलला आणि चालू लागला. खड्ड्यापर्यंत गेला. झाड कुठंही टेकलं नाही.

होळी उभी राहिल्यावर दादा पहिला नारळ फोडत असताना काका मला म्हणाला, "काय मास्तरीणबाय, कुठं ऱ्हायली ती गाठ?"

दुसऱ्या दिवसापासून दादाला आडवं होता येईना. पाठ टेकली की जीव घाबरा व्हायचा, म्हणून खांबाला टेकून बसून राहायचा. पाय सुजून चकाकत होते. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला बोटीवर चढवू नका, वाटेतच जाईल. इस्पितळात खाट मिळायचा दिवस आला आणि गेला. वैशाख सरता सरता तो अंगणात फिरू लागला तोवर वारा फिरला होता. होड्या वर ओढून नारळीच्या झापांनी झाकल्या, आगबोट बंद झाली. दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा माणूस पावसाळ्यात पायवाटेनं, खाड्या उतरवून नेता येत नव्हता. बांधलेलं बोचकं वहिनीनं सोडलं, कारण कपड्यांना बुरशी धरत होती.

नारळी पौर्णिमेनंतर आगबोट सुरू झाली तेव्हा आम्ही गेलो. एका डोळ्याला अंधार होता. दुसऱ्यानं बांबूच्या नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. आधीचे डॉक्टर बदलून गेले होते. नवे डॉक्टर तरुण होते. जुने फोटो बघून त्यांनी विचारलं, "फाल्गुनात बोलावलं होतं ना? मग?"

"होळी होती," मी म्हटलं.

"होळी तर एकच दिवस असते."

त्यांनी दादाला दाखल करून घेतलं. किरणांचा शेक दिला. गावात सांगत, त्याच्या डोक्यातून वीज सोडतात. गाठ थांबली. टोपीला पुन्हा पट्टी लावावी लागली नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, गाठीची भीती आता फारशी नाही. गेलेली नजर परत यायची नाही, आणि हृदय किती साथ देईल ते सांगता येत नाही. म्हणजे इलाज लागू पडला होता. फक्त ज्यासाठी तो करायचा होता ते उरलं नव्हतं.

पुढच्या होळीला झाड आणायची वेळ आली. बुंध्याला माणूस मिळेना. काकानं दोन मिनिटांत तोड काढली. बुंध्याखाली आडवी काठी बांधायची आणि चौघांनी धरायची. कुणी हरकत घेतली नाही. देवही रुसला नाही. त्या वर्षी सुरमई चांगली लागली. तेव्हापासून आमच्या गावात होळी अशीच येते, आणि आता पोरं सांगतात की ही पूर्वापार रीत आहे.

दादा सुकाणूवर पुन्हा गेला नाही. जाळं विणायला बसवलं तर त्या बोटांत लाकडी सुई धरवेना. मग काकानं त्याला वाळत घातलेल्या बोंबलांवर राखण बसवलं, कावळे हाकायला. ते काम म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं. तो हातात काठी घेऊन बसायचा. आल्यागेल्या बाया म्हणायच्या, एवढा मोठा माणूस आणि कावळे हाकतो. एकदा मी शाळेतून येताना पाहिलं, एक कावळा निवांत बोंबील तोडत होता.

"दादा, डावीकडे कावळा आहे."

"ठाऊक हाय. त्यानला बी कळलाय मना कुठनं दिसत न्हाय ते." काठी न हलवता तो म्हणाला, "खाऊ दे. काकाचा बोंबील हाय."

अशी काही वर्षं गेली. चाळिशी गाठायच्या आत, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, तो त्या काठ्यांपाशीच बसल्या जागी गेला. कावळे बोंबलांवर उतरलेले पाहून वहिनीला कळलं.

काका मात्र पुष्कळ जगला. दात गेले, ऐकू येईनासं झालं, तरी जगला. त्याच्या डोक्यात गाठ होती की नव्हती, कोण जाणे. त्याचं डोकं कुणी उघडून पाहिलं नाही.

दादाला न्यायचं ठरलं तेव्हा आणलेले बांबू आखूड पडले. दुसरे लांब तोडून आणावे लागले. मडकं धरून काका पुढं झाला. चौघांनी तिरडी उचलली आणि अंगणातून बाहेर पडताच मागच्यानं हाक दिली, "जड हाय रे, खांदा द्या कोनीतरी." लगेच एकजण पुढं आला आणि त्यानं खांदा लावला. शाळेच्या कुंपणाशी पुन्हा हाक आली, पुन्हा माणूस आला. तेच बाप्ये होते, बनापाशी उभे असलेले. वाटेतल्या विहिरीपर्यंत कितीदा खांदे बदलले, आणि दर वेळी हाक पुरी व्हायच्या आत दुसरा खांदा खाली येत होता.

बनापर्यंत मला दिसत होतं. मग मी आत आले. वहिनीच्या फुटलेल्या बांगड्या अंगणात पडल्या होत्या. माणसं अनवाणी परतणार होती, म्हणून मी केरसुणी घेऊन काचा गोळा केल्या.